बोटांत स्नायू नसतात

जामसंडे, ११ नोव्हेंबर २०२४

गौरू,

अक्षर ओळखू येणार नाही म्हणून आधीच सांगते, मी बाय. हे डाव्या हाताने लिहिते आहे. पहिलीतल्या मुलीने काढावं तसं झालंय, हसू नकोस. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतेस. पत्र निदान फाडायच्या आधी उघडावं तरी लागतं.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी तिसऱ्यांचे शिंपले उघडताना विळीवरून हात निसटला. उजवा हात, करंगळीशेजारचं बोट. अगदी त्याच्या मुळाशी, तळव्यात चीर गेली. शेजारची तुळसा आता माझ्याकडे कामाला येते. तिने हळद दाबून बांधलं आणि म्हणाली, "चार दिसांत बरा होतला." जखम खरंच भरत आली. चौथ्या दिवशी मी चहाचा कप धरायला गेले. सगळी बोटं मिटली, ते एक सरळच राहिलं. मी त्याला मनातल्या मनात सांगून पाहिलं, मिट. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. ते ऐकतच नव्हतं. इतकी भीती मला माईच्या आजारपणानंतर वाटली नव्हती.

गोव्याला नेऊन ऑपरेशन केलं. बोट मिटवणारे आतले दोन्ही दोर तुटले होते. आता मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, हाताच्या पाठीवरून एक कडक पट्टी बांधलेली आहे. सहा आठवडे ठेवायची आहे.

जाताना बांद्याला तुझ्याकडे वळणारा रस्ता दिसला. मी ड्रायव्हरला काही बोलले नाही. माई गेली तेव्हाही तू अंगणातूनच परत फिरलीस. "ह्या घराची पायरी मी परत चढूचंय नाय," म्हणालीस. त्याला नऊ वर्षं झाली. पायरी चढायला सांगत नाही. दोन ओळी लिहून पाठव, तेवढं पुरे.

तुझी,
बाय


जामसंडे, ३० नोव्हेंबर

गौरू,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण हे तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू? एका बैठकीत लिहून होणार नाही. डावा हात लवकर दमतो.

इथल्या दवाखान्यात माडीवर एक मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी येते. संचिता. हाताचे व्यायाम करून घेते. तिची आई माझ्या वर्गात होती, म्हणून मला 'बाई' म्हणते. परवा मी तिला विचारलं, "माझ्या बोटातला स्नायू जुळला का गो?"

ती हसली. "बोटांत स्नायू नसतातच, बाई."

"मग हलवतं कोण त्यांना?"

"इथून," म्हणून तिने माझ्या कोपराखाली बोट टेकवलं.

तूसुद्धा करून बघ. पत्र बाजूला ठेव. डाव्या हाताने उजव्या कोपराच्या खालचा आतला मांसल भाग धर आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलव. हलतंय ना आत काहीतरी? बोटं हलवणारं सगळं बळ तिथे बसलेलं आहे, गौरू. तिथून लांब दोर निघतात, मनगटातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून जातात आणि एकेका बोटात शिरतात. माझं वय त्रेसष्ट. याच बोटांनी मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आणि मला वाटत होतं बोटं आपली आपण हलतात.

जेट्टीवर गळ टाकून बसतात त्यांची काठी आठव. दोरी काठीला धरून राहावी म्हणून तिच्यावर कड्या असतात. तशा बोटातही आहेत. त्या नसत्या तर बोट मिटताना दोर ताणून तळव्यातून वर उचलला गेला असता. आणि सगळ्यात मोठं नवल पुढेच आहे. प्रत्येक बोटाला मिटवणारे दोर दोन. एक मधल्या पेरापर्यंत, दुसरा शेंड्यापर्यंत. खालच्याला वरच्याच्या पुढे जायचंय, पण वाटेत वरचा आडवा. मग वरचा दोर काय करतो? स्वतः मधोमध दुभंगतो, त्याच्यामधून खालचा पुढे निघून जातो, आणि वरचा पलीकडे पुन्हा जुळतो. प्रत्येक बोटात. तुझ्या, माझ्या, तुळसाच्या, बाजारात मासे विकणाऱ्या बायकांच्या. संचिताने चित्र काढून दाखवलं तेव्हा मी ते चित्र मागून घेतलं. देवघराशेजारी टाचलं आहे.

सांध्यांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी असतं, ते वंगणाचं काम करतं. आणि चांगल्या हाताचं एकेक बोट वेगवेगळं मिटून बघ. प्रत्येक बोट मनगटाच्या एकाच ठिकाणाकडे रोख धरतं, अंगठ्याच्या बाजूला. एकेकटी मिटली तरी सगळी तिकडेच वळतात. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमेना असत्या तर "देवाची करणी" म्हणून पुढच्या धड्याकडे वळल्या असत्या. मला वळता येत नाही. मी दिवसभर हाताकडेच बघत बसते.

माई पेरांवर जप करायची, आठवतं? अंगठा एकेका पेरावर टेकवत जायची, ओठ हलायचेही नाहीत. शेवटच्या वर्षी तो हात मिटला तो मिटलाच. असो.

मला तासातासाला दहा वेळा, डाव्या हाताने धरून, ते बोट मिटवायचं आहे. त्याने स्वतः जोर लावायचा नाही, दुसऱ्या हाताने मिटवायचं. करते आहे.

तुझी,
बाय


जामसंडे, २२ डिसेंबर

गौरू,

अक्षरावरून कळलंच असेल, उजव्या हाताने लिहिते आहे. पेन धरायला अंगठा आणि दोन बोटं पुरतात. पट्टी निघाली.

बोट मिटत नाही.

संचिताने मला समोर बसवलं आणि हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा, व्यायाम केलात?"

मी "हो" म्हटलं. मुलींचं खोटं 'हो' दाराबाहेरून ओळखणारी मी.

"बोट वेगळंच सांगतंय," ती म्हणाली.

मी केले नव्हते. पहिल्या दिवशी केले. इतकं दुखलं की पट्टी पुन्हा आवळली आणि हात उशीवर ठेवून दिला. मागच्या पत्रात तुलाही खोटंच लिहिलं. मला वाटलं, दुखलेल्या गोष्टीला शांत ठेवावं, तिला विश्रांती द्यावी, यात चूक काय? आम्हाला तेच शिकवलं होतं. वर्गात घंटा झाली की हाताची घडी, बाकावर, हलायचं नाही. सिस्टर ओळीओळीतून फिरायच्या, आणि ज्या मुलीचे हात स्थिर तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. माझ्या डोक्यावरून कितीदा फिरवला असेल. तू घरी असायचीस, माईबरोबर कोकम फोडत.

शिवलेला दोर सहा आठवडे पडून राहिला आणि आजूबाजूला चिकटला. त्याला सरकता येत नाही. आणि शेजारची बोटंही आता पुरी मिटत नाहीत. त्यांना काही झालेलं नाही. पण शेंड्याकडे जाणारे मधल्या बोटाचे, या दुखऱ्या बोटाचे आणि करंगळीचे दोर वर कोपराकडे एकाच मांसल पट्ट्यातून निघतात. एक अडकला की बाकीचे तिथल्या तिथे थांबतात. मी संचिताला म्हटलं, "म्हणजे ती त्याच्यासाठी थांबून राहतात?" ती म्हणाली, "थांबून नाही हो, अडकून." पण मला ते थांबणंच वाटतं.

फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ आहे. तोवर सुटलं तर ठीक, नाहीतर पुन्हा ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही. माझ्याने माझं बोट मिटवलं जात नाही, दुखायच्या आधीच डावा हात सोडून देतो. दुसऱ्या कोणीतरी रोज करायला हवं. तुळसाने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी पदराने तोंड पुसत म्हणाली, "माका नाय जमाचा गो बाय. तुमी वरडतास ता माका बघवना नाय. तुमच्या भैनीक बोलवा. तिचे हात घट आसत."

मी म्हटलं, "तिचा आता काजूचा हंगाम येईल, तिला वेळ नाही."

तुळसा म्हणाली, "विचारलास काय?"

विचारलं नव्हतं. आता विचारते. येशील?

बाय


जामसंडे, ५ जानेवारी २०२५

गौरू,

तू यावंस म्हणून हे पत्र नाही. गुरुवारी मी एक गोष्ट पाहिली, ती तुला सांगणं भाग आहे.

माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते, बाबू नावाचे, होडीवर काम करणारे. डावी बाजू गेलेली, डावी मूठ घट्ट मिटलेली. त्यांची बायको म्हणाली, "कितीव ओढलय तरी उघडना नाय." संचिताने बोटांना हातही लावला नाही. तिने त्यांचं मनगट धरलं आणि हळूहळू खाली, तळव्याच्या बाजूला वाकवलं. पुष्कळ वाकवलं. आणि गौरू, मूठ सैल पडली. आपण होऊन. मग तिने एकेक बोट उचललं, पान उलटावं तसं. बायको बघतच राहिली. बाबूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात त्यांनी मागे घेतला नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मुरगळू नकोस त्यांचा हात!"

संचिता म्हणाली, "मुरगळत नाही, बाई. दोराला ढील देते आहे."

ढील. बोटं मिटवणारे दोर मनगटावरून येतात. मनगट त्यांच्या बाजूला वाकवलं की वाट आखूड होते, दोर सैलावतात, बोटं सुटतात. मी लगेच माझ्या चांगल्या हातावर करून पाहिलं. मनगट मागे टाकलं की बोटं आपोआप मिटायला लागतात, खाली सोडलं की उघडतात. वीतभर अंतरावरच्या एका वाकण्याने पाच बोटं उघडतात. हे पाहून मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि लगेच माईची खोली दिसली.

माईची उजवी बाजू गेली तेव्हा तू तीन आठवडे राहिली होतीस. चहा झाला की चार वाजता तिच्या उशाशी बसायचीस. त्या दिवशी मी आत आले तेव्हा माई रडत होती आणि तू तिचं मनगट वाकवलं होतंस. असंच. अगदी असंच. मी तुला काय म्हटलं ते तुला तोंडपाठ असेल, तरी मी इथे लिहिणार आहे, कारण ते मी लिहायला हवं. "सोड तिका. काजीची बोंडां पिळूचे हात ते, माणसाक लावू नको. तू काय डॉक्टर आसस?"

तू म्हणालीस, "सासऱ्यांका गोव्यात नर्सबाय असाच करी. मिया शिकलंय तिच्याकडून."

मी म्हटलं, "शिकलंस! चौथी नापास."

तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

तू मुरगळत नव्हतीस. तू ढील देत होतीस. या घरात ते एकट्या तुला येत होतं, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने तुला हाकललं.

माझं चुकलं, गौरू.

बाय


जामसंडे, १२ जानेवारी

गौरू,

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं मला पत्र टाकून येईपर्यंत वाटत होतं. परत येताना वाटेतच कळलं की सगळं सांगितलं नाही.

तू गेल्यावर आठवड्याने तुझा फोन आला होता. "माई माझी आठवण काढता काय?" असं तू विचारलंस. बोलता येत नसलेली माणसं आठवण कशी काढतील, असं मी म्हटलं, आणि म्हटलं की ती आता शांत आहे.

ती शांत नव्हती. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, चहा पाजून मी कप खाली ठेवला, आणि तिने डाव्या हाताने आपली उजवी मूठ उचलली आणि चादरीवरून माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, हात धर म्हणते आहे. मी त्या मुठीवर हात ठेवून थोपटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग दाराकडे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. रोज चारला. अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिने मूठ उचलली नाही.

आणि मला कळलं होतं. पहिल्या दिवशी नाही कळलं, देवाशपथ. पण चौथ्या दिवशी कळलं की ती मायेने माझ्याकडे हात करत नाही, तुझं काम माझ्याकडे मागते आहे. मला ते येत नव्हतं. तुला बोलवायला एक फोन पुरला असता. पण तुला बोलवायचं तर आधी चुकलं म्हणावं लागलं असतं. म्हणून मी तिच्या मुठीत मऊ फडक्याची गुंडाळी सरकवून ठेवली आणि स्वतःला सांगितलं, तिला आराम पडतो आहे. पाच महिन्यांनी गेली तेव्हा तिची नखं तळव्यात रुतली होती. ती खूण मी कोणाला दाखवली नाही. तू अंगणात उभी होतीस, तेव्हा मी तिचा हात चादरीखाली घेतला होता.

हे वाचून तू आली नाहीस तर मी समजेन. माझ्या बोटासाठी तुला बोलवायचा हक्क मला नाही. तरी बोलावते.

बाय


जामसंडे, २ फेब्रुवारी

गौरू,

तुझी गाडी वळणाआड गेली आणि मी घरी येऊन लगेच लिहायला बसले. समोर होतीस तेव्हा बोलता आलं नाही.

काल दुपारी तुळसा दारातूनच ओरडली, "अगे बाय, गौरजा इली!" आणि तू म्हणालीस, "बोंबलू नको गो. तांब्याभर पाणी दी." सावंतवाडीला गाडी बदलून चार तास आली होतीस. पायरीपाशी थांबलीस. मग तू चप्पल काढलीस.

पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "वाचलंय मी सगळा. दोनदा."

मी म्हटलं, "गौरू..."

"माफ-बिफ करूचा माका जमाचा नाय. आता तरी नाय. हात दी."

मी हात दिला. तू तो मांडीवर घेतलास आणि आधी मनगटच धरलंस. मला वाटलं होतं तू माझ्यावर राग काढशील, निदान हाताने. तू बोटाचं एकेक पेर असं चाचपलंस, जसं माई तांदूळ निवडताना बोटांनीच खडा शोधायची. मग मिटवायला लागलीस, आणि तोंडाने सबंध वेळ यंदाच्या मोहोराची तक्रार. "थंडी नाय धड, काय नाय. मोहोर इलो तो करपलो. हे म्हणतत फवारणी करूया. मी म्हटलंय, करा, माका काय विचारतास?" मी "आई गं" म्हटलं की तू "होय, होय" म्हणायचीस आणि मोहोराचं पुढे चालू. एकदा आत काहीतरी चरचरलं, जुनं कापड उसवावं तसं. मी किंचाळले. तुळसा स्वयंपाकघरातून पळून गेली. तू माझ्या बोटाकडे बघत म्हणालीस, "गेला. बघ."

तांदळाच्या दाण्याएवढं जास्त मिटलं होतं. तेवढंच. पण करंगळीही त्याच्याबरोबर तेवढीच पुढे आली आणि पलीकडचं मधलं बोटही. तिघं मिळून दाणाभर पुढे. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. तू म्हणालीस, "येडी आसस."

रात्री तू जेवलीस आणि पाठ फिरवून झोपलीस. सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तू माझ्याकडे पाठ करूनच बसली होतीस. उजव्या हाताचं मधलं बोट तळव्यात अडकलेलं, आणि तू डाव्या हाताने ते धरून सरळ करत होतीस. टक् आवाज झाला. मला पाहिलंस आणि हात पदराखाली घेतलास.

"काय झाला गो?" मी विचारलं.

"काय नाय. सकाळचा अडाकता. मगे सुटता."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्सां."

"कोणाक दाखवलंस?"

"कोणाक दाखवू? ह्यांका सांगलंय तर म्हणतत, तेल लाव." आणि हसलीस. नऊ वर्षांनी.

मी हात पुढे केला. तू पदराखालचा हात बाहेर काढलास. मग दिलास. मी तुझ्या मधल्या बोटाच्या मुळाशी, तळव्यात, माझा अंगठा टेकवला आणि तुला म्हटलं, हळूहळू मीट, हळूहळू उघड. तू विचारलंस, "काय लागता?" मी बोलू शकले नाही. तेवढ्यात तुळसा म्हणाली गाडीची वेळ झाली, आणि आपण उठलो.

आता सांगते. एक बारीक गाठ लागते, मोहरीएवढी. तुझा दोर तिथे जाड झालाय आणि पहिल्याच कडीखालून जाताना अडतो. जोर लावला की निसटतो, तोच तो आवाज. संचिता सांगेल ते खरं, पण बहुधा हेच असणार, आणि याला उपाय आहे. घाबरू नकोस. तेल नको.

पण मी गप्प झाले ते गाठीमुळे नाही. तू बोट मिटलंस आणि माझ्या अंगठ्याखालून तुझा दोर सरकत गेला. तुझ्या कोपरापासून आलेला, मनगटातून, तळव्यातून, जिवंत. इतका जवळ, कातडीच्या एका पापुद्र्याखाली. मी माईच्या उशाशी पाच महिने होते. तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली, गीता वाचून दाखवली. तिच्या तळव्याला असा अंगठा लावून, आत काय चाललंय ते मी एकदाही बघितलं नाही. माणसाचा हात हातात घेतला, असं मला आज सकाळी पहिल्यांदा वाटलं.

संचिता मंगळवारी अकराला येते. तुझं नाव मी तिला फोन करून लिहायला सांगते, आणि माझं त्याच्या खाली.

तुझी,
बाय